उन्हाचे तीन दिवस: महामारीत शाळा उघडण्याचे एक प्रकरण (जेरुसलेम, मे २०२०)

१७ मे २०२० ला इस्रायलमधल्या शाळा पूर्णपणे सुरू झाल्या. त्यानंतर दहा दिवसांच्या आत जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत कोविडचा मोठा उद्रेक झाला. १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या डॉक्टरांनी या उद्रेकाचा बारकाईने तपास केला आणि त्याच वर्षी जुलैत तो प्रसिद्ध केला. शाळेचे नाव इथे घेतलेले नाही, ते महत्त्वाचेही नाही.

हे प्रकरण त्या काळात दोन्ही बाजूंनी वापरले गेले. शाळा उघडूच नयेत असे म्हणणाऱ्यांना ते पुरावा वाटले. उघडा म्हणणाऱ्यांनी ते अपवाद म्हणून बाजूला सारले. दोघांनीही ते घाईने वाचले, असे मला वाटते. या शाळेत नियम होते आणि सूचनाही दिलेल्या होत्या. तीन दिवसांपुरता त्यातला एक नियम, मास्कचा, उठवला गेला. तेव्हा दिसले की सगळा भार त्याच एका नियमावर होता आणि त्याच्या मागे दुसरे काहीच उभे नव्हते. शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण याच अंगाने पाहावे, म्हणून हा लेख.

पार्श्वभूमी

इस्रायलने १३ मार्च २०२० ला शाळा बंद केल्या. दोनच दिवस आधी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटले होते. पुढच्या काही आठवड्यांत १९० हून अधिक देशांत शाळांना कुलूप लागले. युनेस्कोच्या मोजणीनुसार जगभरातली १५० कोटींहून अधिक मुले घरी बसली. इस्रायलमध्ये कडक टाळेबंदी झाली आणि मेच्या मध्यापर्यंत नव्या रुग्णांची रोजची संख्या अगदी मोजक्यावर आली.

शाळा दोन टप्प्यांत उघडल्या. ३ मेपासून काही ठरावीक इयत्तांची मुले लहान लहान गटांत येऊ लागली. प्राथमिकच्या पहिल्या इयत्ता आणि शालान्त परीक्षेच्या जवळ आलेले मोठे विद्यार्थी त्यात होते. दोन आठवड्यांनी, १७ मेला, सगळ्या इयत्तांना बोलावले आणि वर्गातल्या संख्येची मर्यादाही उठवली. सोबत सूचना होत्या: रोज प्रकृतीची लेखी माहिती द्यायची, मास्क लावायचा, हात धुवायचे, अंतर ठेवायचे, वर्गावर्गांनी एकमेकांत मिसळायचे नाही.

आपल्या प्रकरणातली शाळा सातवी ते बारावीची. मुले १२ ते १८ वयाची, संख्या अकराशेच्या वर, कर्मचारी दीडशेच्या आसपास. सातवी ते नववी एका भागात, दहावी ते बारावी लगतच्या वेगळ्या भागात, पटांगण आणि सामायिक जागा सगळ्यांची एकच. बरीचशी मुले बसने येणारी. दुपारनंतर खेळ, नृत्य असे वर्ग, आणि त्यात वेगवेगळ्या शाळांची मुले एकत्र.

शाळा उघडण्याचा निर्णयच चुकला, असे मी मानत नाही. दोन महिने घरात कोंडलेल्या मुलांचे नुकसान केवळ अभ्यासाचे नव्हते. ज्या घरात एकच संगणक आणि तीन भावंडे, तिथे ऑनलाइन वर्ग म्हणजे रोजची रांग होती. आईवडील कामावर जायचे तर धाकट्यांकडे बघणार कोण, हा प्रश्न होता. काही मुलांसाठी तर शाळा हीच दिवसातली सर्वांत सुरक्षित जागा असते. रुग्ण कमी झालेले असताना शाळा उघडणे रास्त होते. प्रश्न ती कशी उघडायची, हा होता.

अडचण

आधी वर्गखोली पाहू, कारण या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

एका वर्गात ३५ ते ३८ मुले होती आणि खोलीचे क्षेत्रफळ ३९ ते ४९ चौरस मीटर. तपास करणाऱ्यांनी काढलेला हिशेब असा की प्रत्येक मुलाच्या वाट्याला १.१ ते १.३ चौरस मीटर जागा येत होती. अपेक्षित प्रमाण १.५ चौरस मीटर होते, म्हणजे खोल्या त्याहूनही दाट. १.१ चौरस मीटर म्हणजे कडेने साधारण एक मीटर पाच सेंटिमीटरचा चौकोन. त्यात बाक, खुर्ची, दप्तर आणि मूल. शिवाय फळा, शिक्षकांचे टेबल, दार उघडायची जागा आणि बाकांमधल्या वाटा याच क्षेत्रफळातून जातात. दोन मुलांमध्ये दोन मीटर ठेवायचे ठरवले, तर एकेका मुलाला ढोबळमानाने चार चौरस मीटर लागतात. चाळीस चौरस मीटरच्या खोलीत मग दहाएक मुले बसतील. इथे त्याच्या साडेतीनपट बसत होती.

म्हणजे ‘अंतर ठेवा’ ही सूचना पहिल्याच दिवशी कागदावर राहिली. यात शिक्षकांचा दोष नाही. खोली रबराची नसते.

राहिलेल्या सूचनांचा खरा भार किती होता? हात धुणे चांगलेच, पण श्वासातून पसरणाऱ्या आजारात त्याचा उपयोग मर्यादित. रोजच्या प्रकृतीच्या माहितीने ताप किंवा खोकला असलेले मूल घरी राहते. लक्षणेच नसलेले मूल त्या चाळणीतून सहज आत येते. या शाळेत पुढे जे विद्यार्थी बाधित निघाले, त्यांपैकी केवळ ४३ टक्क्यांनी लक्षणे सांगितली. निम्म्याहून अधिक मुलांना काहीच जाणवले नव्हते. वर्गांची सरमिसळ टाळायची म्हटले, तर माध्यमिक शाळेत विषयशिक्षक तासातासाला वर्ग बदलतात, आणि पटांगण व बस सगळ्यांची एकच असते.

सगळे वजा करता मास्क उरतो आणि खोलीतली हवा उरते.

आणि नेमकी याच वेळी उष्णतेची लाट आली. मे महिन्याच्या मानाने ती विलक्षण तीव्र आणि लांबलेली होती. पारा चाळीस अंशांवर गेला. १९ ते २१ मे असे तीन दिवस आरोग्य मंत्रालयाने विद्यार्थ्यांना मास्कमधून सूट दिली. शाळा चालूच राहिल्या. या शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतंत्र स्प्लिट एसी होता आणि त्या काळात सगळ्या वर्गांत एसी सतत चालू होते.

स्प्लिट एसीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तो बाहेरची ताजी हवा आत आणतो असे अनेकांना वाटते. भिंतीवरचा भाग खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरच्या भागातून जाते ती फक्त उष्णता. खोली गार होते, पण हवा तीच राहते. बाहेर चाळीस अंश असताना एसी चालवायचा म्हणजे खिडक्या लावून घेणे आलेच. आता ते वर्ग डोळ्यांपुढे आणा: तोंडावर मास्क नसलेली छत्तीस-सदतीस मुले, शिकवण्यासाठी मोठ्याने बोलणारे शिक्षक, बंद खिडक्या, आणि तासन्‌तास फिरणारी तीच ती हवा. मुलांना गार वाटत होते. आपण धोक्यात आहोत असे कुणाला जाणवण्याचे कारणच नव्हते.

कोणते पर्याय होते

माझ्या वाचनात या प्रकरणात निर्णयाच्या तीन जागा आहेत. पहिल्या दोन देशपातळीवरच्या, तिसरी स्थानिक यंत्रणेच्या हातातली.

पहिली जागा: १७ मे. लहान गट तसेच ठेवून आणखी काही आठवडे थांबता आले असते. एका दिवशी निम्मी मुले, दुसऱ्या दिवशी निम्मी, असे करता आले असते. किंवा सगळ्यांना एकदम बोलावता येणार होते. तिसरा मार्ग निवडला गेला. त्यामागची ओढ मला समजते. रुग्ण कमी होते, पालक थकले होते, अर्थव्यवस्था अडकून पडली होती. निम्मी शाळा चालवणे शिक्षकांवर दुप्पट भार टाकते आणि नोकरी करणाऱ्या पालकांना तिचा फारसा उपयोगही होत नाही.

पण दोन टप्प्यांत दोनच आठवडे ठेवणे मला पटत नाही. तेव्हाच्या विषाणूत संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच दिवस लागत, कधी चौदाही. मग चाचणी, मग निकाल, मग नोंद. ३ मेच्या टप्प्याचा परिणाम आकड्यांत नीट दिसायच्या आतच दुसरा टप्पा सुरू झाला. शिवाय पहिल्या टप्प्याने जे काही शिकवले ते लहान गटांबद्दल. अडतीस मुलांच्या पूर्ण वर्गात काय होते, याची परीक्षा तोवर झालीच नव्हती.

तुलनेला डेन्मार्क घेता येईल. युरोपात शाळा उघडण्यात तो देश पुढे होता. १५ एप्रिलला फक्त लहान मुलांच्या शाळा उघडल्या आणि मोठ्या इयत्तांना महिनाभराने, १८ मेला बोलावले. वर्ग दहा-बारा मुलांच्या गटांत विभागले, बाकांमध्ये दोन मीटर ठेवले, गटांच्या येण्याच्या वेळा वेगळ्या केल्या आणि जमेल तितके शिकवणे उघड्यावर नेले. डेन्मार्कचा एप्रिल थंड असतो, तरी मुले बाहेर बसली. गट लहान केल्यामुळे तिथे बाकीच्या नियमांना काही अर्थ उरला.

दुसरी जागा: १९ मे. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो घेताना कुणाला तो एवढा मोठा वाटलाही नसेल.

चाळीस अंशांच्या उन्हात बारा वर्षांच्या मुलाला दिवसभर मास्क लावायला लावणे हे क्रूर आहे, हा विचार माणुसकीचा होता. उष्माघाताचा धोका काल्पनिक नव्हता. म्हणून ‘मास्क काढू नका’ एवढेच सांगणे हा खरा पर्याय नव्हता, हे मान्य. मात्र मंत्रालयापुढचा प्रश्न ‘मास्क की उष्णता’ असा मांडला गेला आणि तिथेच वाट अरुंद झाली. प्रश्न ‘मास्क निघणार असेल तर त्याच्या जागी काय’ असा विचारला असता, तर आणखी रस्ते दिसले असते.

तीन दिवस शाळा पुन्हा ऑनलाइन नेता आली असती. दोन महिने तेच चालले होते, सवय मोडलेली नव्हती. पण नुकत्याच परतलेल्या मुलांना पुन्हा घरी पाठवणे जिवावर येते, आणि तीन दिवसांच्या उन्हासाठी शाळा बंद करणारे सरकार डळमळीत वाटते, हेही खरे. शाळा फक्त सकाळच्या थंड वेळात, खिडक्या उघड्या ठेवून भरवता आली असती. त्या तीन दिवसांपुरती निम्मी मुले बोलावता आली असती, म्हणजे मास्क निघाला तरी अंतर मिळाले असते. एसी चालू ठेवून दर तासाला काही मिनिटे खिडक्या-दार उघडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होता. खोली थोडी तापली असती, वीज जास्त लागली असती, इतकेच.

मला विचाराल तर सकाळची शाळा आणि निम्मी मुले, ही जोडी निवडायला हवी होती. यात पूर्ण बंदी नाही, मुलांचे हालही नाहीत, आणि एक संरक्षण काढले तर दोन नवी येतात.

इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मे २०२० मध्ये हवेतून होणाऱ्या प्रसाराबद्दल जगातल्या मोठ्या संस्थाच ठाम नव्हत्या. पृष्ठभाग पुसण्यावर भर होता, शाळांतून बाके सॅनिटायझरने पुसली जात होती. खेळती हवा नसलेल्या गर्दीच्या बंद जागेत विषाणू हवेतून लांबवर पसरू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या जनतेसाठीच्या माहितीत स्पष्टपणे आले ते एप्रिल २०२१ च्या अखेरीस. तेव्हा मंत्रालयातल्या माणसांना एसी ही अडचण न वाटता सोय वाटली असेल, तर नवल नाही. पण मास्कचा उपयोग त्यांना माहीत होता. तो माहीत होता म्हणूनच तर सक्ती होती. सक्ती उठवताना त्या जागी काही ठेवायला हवे, एवढे त्याही वेळी कळण्यासारखे होते.

तिसरी जागा: २६ आणि २७ मे. २६ मेला एका विद्यार्थ्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला. संसर्ग कुठून झाला याचा माग लागेना. दुसऱ्या दिवशी आणखी एक विद्यार्थी. दोघे वेगवेगळ्या इयत्तांतले, दोघांचा एकमेकांशी थेट संबंध दिसत नव्हता, दोघांनाही सौम्य लक्षणे होती. नेहमीची पद्धत म्हणजे दोघांचे वर्ग विलगीकरणात पाठवायचे आणि बाकी शाळा चालू ठेवायची. आकड्यांकडे पाहिले तर अकराशेत दोन रुग्ण ही घाबरण्याजोगी गोष्ट नव्हती.

काय केले गेले

स्थानिक यंत्रणेने त्या दोन रुग्णांमागचा अर्थ नेमका ओळखला. एकमेकांशी संबंध नसलेले दोन रुग्ण एकाच शाळेत सापडतात, तेव्हा त्यांना जोडणारी, अजून न दिसलेली माणसे मधे असण्याची दाट शक्यता असते. २७ मेलाच शाळा बंद करण्यात आली. सर्वांना विलगीकरणात राहायला सांगितले आणि संपूर्ण शाळेची चाचणी हाती घेतली. लक्षणे आहेत की नाहीत, बाधित मुलाच्या वर्गात आहे की नाही, असा भेद केला नाही. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आणि कर्मचारी तपासला गेला.

हा निर्णय धाडसाचा होता. शाळा नुकती उघडलेली, सगळ्या देशाचे लक्ष शाळांकडे, आणि दोन सौम्य रुग्णांवरून अकराशे कुटुंबांना घरी बसवायचे. मोठा आकडा बाहेर आला तर बोलणी खावी लागणार हे उघड होते. तरी त्यांनी सगळ्यांना तपासले, आणि म्हणूनच आज आपल्यापुढे या शाळेचे पूर्ण चित्र आहे. फक्त लक्षणे असलेल्यांना तपासले असते, तर बाधित मुलांतली अर्ध्याहून अधिक निसटली असती आणि शाळेबाहेर मोकळी फिरत राहिली असती.

निष्पत्ती

विद्यार्थ्यांत १५३ बाधित, म्हणजे १३.२ टक्के. कर्मचाऱ्यांत २५, म्हणजे १६.६ टक्के. बहुतेकांचा आजार सौम्य राहिला. एकाला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले, दाखल कुणालाही करावे लागले नाही. बाधित कर्मचाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश जणांना लक्षणे होती, मुलांत ते प्रमाण निम्म्याहूनही कमी होते.

इयत्तांनुसार पाहिले की चित्र एकदम बदलते. नववीत बाधितांचे प्रमाण ३२.६ टक्के, म्हणजे तीन मुलांत जवळपास एक. सातवी-आठवीतही ते बरेच जास्त होते. दहावी ते बारावीत मात्र ते ५ टक्क्यांच्याही आत राहिले. मोठी मुले लहानांपेक्षा अधिक सावध होती म्हणावे तर त्याला आधार नाही. दोन्ही गटांचे वर्ग वेगवेगळ्या भागांत होते, हे माझ्या मते अधिक बोलके आहे. पटांगण एक असूनही संसर्ग मुख्यतः एकाच भागात राहिला. ज्या खोल्यांत मुले तासन्‌तास एकत्र बसत होती तिथे तो फोफावला, आणि उघड्यावरच्या भेटीगाठींतून पलीकडे फारसा गेला नाही, असा याचा अर्थ लावता येतो. सिद्ध झाला म्हणता येणार नाही.

तीच गोष्ट उन्हाच्या तीन दिवसांची. कोणत्या मुलाला संसर्ग नेमका कोणत्या दिवशी झाला, हे सांगता येत नाही. १९ ते २१ मे ही तारीख आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांनी दिसू लागलेले रुग्ण यांचा मेळ बसतो. तपास करणाऱ्या डॉक्टरांनीही दाट वर्ग, मास्कची सूट आणि सतत चालू असलेले एसी या तिन्ही गोष्टींकडे बोट दाखवले. त्याहून पुढे जाऊन ‘मास्क काढला म्हणून’ असे एकच कारण देणारे आकड्यांपेक्षा जास्त बोलतात.

शाळेच्या फाटकाबाहेरचे नुकसानही मोजले गेले. जूनच्या मध्यापर्यंत या शाळेतल्या रुग्णांच्या संपर्कातले आणखी ८७ जण बाधित आढळले. त्यात इतर शाळांत जाणारी भावंडे होती, मित्र होते, दुपारच्या खेळ आणि नृत्याच्या वर्गांतले सोबती होते, पालक होते, कर्मचाऱ्यांच्या घरची माणसे होती. जेरुसलेमच्या एकूण रुग्णांत १० ते १९ या वयोगटाचा वाटा मेच्या अखेरीपर्यंत सुमारे २० टक्के होता, त्यानंतरच्या आठवड्यांत तो सुमारे ४० टक्क्यांवर गेला.

धोरणाचा लंबकही दुसऱ्या टोकाला गेला. जूनच्या सुरुवातीला सरकारने ठरवले की एक रुग्ण सापडला तरी ती शाळा बंद. त्या घबराटीत हे होणे स्वाभाविक होते, पण धोरण म्हणून ते टिकणारे नव्हते. एका मुलाच्या अहवालावर हजार घरांचा महिना अवलंबून राहिला, की पालक चाचणीच टाळू लागतात. सप्टेंबरमध्ये शाळा पुन्हा उघडल्या आणि दुसऱ्या देशव्यापी टाळेबंदीत त्याच महिन्यात पुन्हा बंद झाल्या. दुसरी लाट शाळांमुळेच आली का, यावर तिथल्या तज्ज्ञांत एकमत झाले नाही. समारंभ आणि जमावांवरची बंधनेही त्याच सुमारास सैल झाली होती, हे विसरून चालणार नाही.

काय वेगळे करता आले असते

सुरक्षित शाळेचा आराखडा करताना उपायांची यादी करणे सोपे असते. त्या यादीतला एकेक उपाय मनातल्या मनात काढून टाकावा आणि उरलेल्यावर शाळा उभी राहते का ते पाहावे, हे सहसा होत नाही. या शाळेत ही कसोटी १७ मेच्या आधी लावली असती, तर ‘अंतर’ हा शब्द यादीत नुसता शोभेला आहे हे तेव्हाच दिसले असते.

एक उपाय निसटला तर किती फरक पडतो, याचे उलट बाजूचे उदाहरण वर्षभरानंतरचे आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीतल्या एका प्राथमिक शाळेत बाके सहा फुटांवर होती, खिडक्या आणि दार उघडे होते, हवा गाळणारे यंत्र होते, मुलांना मास्क होते. लस न घेतलेल्या एका शिक्षिकेने किंवा शिक्षकाने लक्षणे असतानाही दोन दिवस शिकवले आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना मास्क काढला. २४ मुलांच्या वर्गात १२ बाधित झाली. पुढच्या दोन रांगांतल्या दहांपैकी आठ, मागच्या तीन रांगांतल्या चौदांपैकी चार. मागच्या रांगा बऱ्याच अंशी वाचल्या, यात माझ्या मते अंतराचा आणि खेळत्या हवेचा वाटा असावा. जेरुसलेममधल्या वर्गांत अशी मागची रांगच नव्हती.

खेळत्या हवेकडे आधी पाहायला हवे होते, हे आता सहज म्हणता येते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १६९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. ज्या शाळांत शिक्षक-कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता तिथे रुग्णांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होते, आणि ज्यांनी हवा सुधारण्याचे उपाय केले तिथे ३९ टक्क्यांनी. त्या उपायांत खिडक्या-दारे उघडणे आणि पंखे लावणे हेही आले. मोठ्या यंत्रसामग्रीशिवाय होणारी ही कामे आहेत. वर्गातली हवा किती शिळी झाली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहानसे यंत्र ते सांगते. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. वर्गात तो ८०० च्या आत ठेवावा, असे आता सर्वसाधारणपणे मानतात. ब्रिटनने २०२१ च्या शरद ऋतूत शाळांसाठी अशा सुमारे तीन लाख यंत्रांची तरतूद केली. जेरुसलेममधल्या त्या वर्गात १९ मेला असे एक यंत्र भिंतीवर असते, तर पहिला तास संपायच्या आत कुणीतरी खिडकी उघडली असती, असे मला मनापासून वाटते.

सवलतीचा निर्णयही आधीच लिहून ठेवता येतो. मे महिन्यात ऊन असते, पावसाळ्यात खिडक्या बंद होतात, थंडीतही होतात, परीक्षेच्या काळात निम्मी मुले बोलावता येत नाहीत. या गोष्टी अचानक येत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की जी मिळेल ती सवलत दिली जाते. ‘पारा अमुक अंशांवर गेला तर शाळा सकाळची, वर्ग निम्मे, मास्क ऐच्छिक’ असे एक वाक्य आराखड्यात असते, तर मुख्याध्यापकांना वरून आलेल्या मास्कच्या सवलतीच्या आदेशावर अवलंबून राहावे लागले नसते. आदेशात सूट होती. त्याहून जास्त काळजी घेण्याचा मार्ग शाळेच्या हातात असायला हवा होता.

उद्रेकानंतरच्या विलगीकरणालाही पुढे पर्याय निघाला. इंग्लंडमध्ये २०२१ च्या वसंतात २०१ शाळांत एक चाचणी-प्रयोग झाला. काही शाळांत बाधिताच्या संपर्कातल्या मुलांना नेहमीप्रमाणे दहा दिवस घरी ठेवले. बाकी शाळांत त्यांना रोज चाचणी करून, निगेटिव्ह असेल तर वर्गात बसू दिले. दुसऱ्या पद्धतीत संसर्ग लक्षणीय वाढला नाही. मे २०२० मध्ये झटपट चाचण्या हाताशी नव्हत्या, म्हणून जेरुसलेमच्या यंत्रणेने केले ते तेव्हा बरोबरच होते. पण ‘एक रुग्ण, शाळा बंद’ हा नियम कायमचा समजून पुढे नेण्याचे कारण नंतर उरले नाही.

उरतो प्रश्न त्या ८७ जणांचा. शाळेने वर्गांची सरमिसळ टाळायची आणि दुपारी त्याच मुलांनी वेगवेगळ्या शाळांच्या मुलांबरोबर नृत्याच्या वर्गात घाम गाळायचा, हे एकत्र चालू शकत नाही. शाळा उघडताना पहिले काही आठवडे असे वर्ग बंद किंवा उघड्यावर ठेवता आले असते. भावंडांचेही तसेच. एका शाळेत रुग्ण सापडला, की त्याच्या भावाबहिणींच्या शाळांना त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. त्यासाठी कोणत्या घरातली किती मुले कोणकोणत्या शाळांत जातात, याची नोंद आधी हवी. प्रवेशअर्जावर एक ओळ वाढवली की ती मिळते, आणि हे काम शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात कार्यालयातला एक कर्मचारी पूर्ण करू शकतो.